डब्लिनची पबफेरी

दुपारचे अडीच वाजले की डब्लिनमधला बारमन फडकं खांद्यावर टाकायचा आणि पबच्या दाराला आतून कडी घालायचा. पुढचा तासभर विक्री बंद. आयर्लंड नुकतंच ब्रिटिशांपासून वेगळं झालेलं होतं आणि १९२७ साली नव्या राज्याने दारूविक्रीचा जो कायदा केला, त्यात शहरांपुरता हा नियम घातला होता. कामगार मधल्या सुट्टीत पबमध्ये शिरतो तो संध्याकाळीच बाहेर पडतो, त्याला निदान एकदा तरी खुर्चीवरून उठवावं, असा न्यायमंत्री केव्हिन ओहिगिन्स यांचा हिशेब. लोकांनी या तासाला थट्टेने 'होली अवर' म्हणायला सुरुवात केली. कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैत ओहिगिन्स यांचा चर्चला जाताना रस्त्यातच गोळ्या घालून खून झाला. कारण यादवी युद्धातल्या वैराचं होतं. पबमालकांवर संशय घ्यायला जागा नाही.

होली अवर मात्र त्यांच्यामागे साठेक वर्षं टिकला. आठवड्याच्या इतर दिवशी तो १९८८ पर्यंत होता, रविवारी तर त्याहूनही पुढे. उठवलेला माणूस कामावर जाईल ही मंत्र्यांची अपेक्षा किती खरी ठरली ते सांगणं कठीण. बरेच जण ओळखीच्या बारमनच्या कृपेने बंद दाराआड तसेच बसून राहत. ज्यांना अशी ओळख नव्हती, ते रस्त्यावर येत आणि साडेतीनला दुसरं कुठलं तरी दार गाठत.

आज युरोपातल्या बऱ्याच मोठ्या शहरांत संध्याकाळी गाइडच्या मागे वीस-पंचवीस पर्यटकांचा घोळका या पबमधून त्या पबमध्ये जाताना दिसतो. पैसे आधीच भरलेले, मार्ग ठरलेला, कुठे किती वेळ थांबायचं तेही ठरलेलं. डब्लिनमध्ये या फेरीला साहित्याची जोड मिळाली आणि ती जगभर गाजली. पण डब्लिनकर एका पबमधून दुसऱ्यात का हिंडत होते, हे समजून घ्यायचं तर आधी कवी-लेखकांपेक्षा कायद्याची पुस्तकं उघडावी लागतात.

त्यात सगळ्यात मजेदार कलम प्रवाशांचं. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेला नियम असा, की खराखुरा प्रवासी असेल तर त्याला पब बंद व्हायच्या वेळेनंतरही खायला-प्यायला द्यावं. खराखुरा प्रवासी कोण? आदल्या रात्री जिथे झोपला तिथून तीन मैल दूर आलेला. डब्लिनकरांसाठी पाच मैल. सद्हेतू तपासण्यासाठी कायद्याने मैल मोजले, आणि शहराने ताबडतोब मैल चालायची तयारी दाखवली. शहरातले पब बंद झाले की सायकली, मोटारी, टॅक्स्या शहराबाहेर निघत. पाच मैलांच्या रेषेपलीकडच्या पबांना हे रात्रीचे 'प्रवासी' म्हणजे वरकमाईच होती. पिऊन गाडी चालवत परतणाऱ्यांचे अपघात होऊ लागले, ओरड झाली आणि अखेर १९६० च्या कायद्याने ही सवलत मोडीत काढली.

ड्राय डेचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला पुढची गोष्ट सांगायला फार प्रस्तावना लागणार नाही. १९२७ च्या कायद्याने सेंट पॅट्रिक डेला पब बंद ठेवले. आज ज्या दिवशी जगभर आयरिश असण्याच्या नावाखाली ग्लास भरले जातात, त्या दिवशी खुद्द डब्लिनमध्ये पबची दारं लावलेली असत. ठळक अपवाद म्हणजे रॉयल डब्लिन सोसायटीच्या आवारातलं कुत्र्यांचं प्रदर्शन. तिथे बार चालू असे. दरवर्षी १७ मार्चला डब्लिनमधल्या प्रतिष्ठितांना श्वानप्रेमाचा उमाळा येई. यातल्या कितीजणांनी प्रत्यक्ष कुत्रं पाहिलं, हा वेगळा विषय. ही बंदीही १९६० मध्ये गेली. गुड फ्रायडेची मात्र २०१८ पर्यंत राहिली.

आणखी एक कायदा याहून जुना आणि फारसा चर्चेत नसलेला, पण शहराचा चेहरा घडवणारा. १९०२ साली आयर्लंडमध्ये नवे परवाने देणं जवळपास थांबवलं गेलं. नवा पब काढायचा तर जुना परवाना विकत घेऊन तो रद्द करावा लागे. त्यामुळे पब वाढले नाहीत, पण जे होते ते सहजासहजी मेलेही नाहीत. परवान्यालाच सोन्याचं मोल आलं. शहराच्या मध्यवर्ती गल्ल्यांत एकमेकांना खेटून उभे असलेले, महोगनीचे काउंटर आणि नक्षीदार काचा जपणारे पब आज पर्यटकाला दहा पावलांवर दुसरा असे मिळतात, त्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. बहुतेकांच्या दारावर मालकाचं नाव: मलिगन, निअरी, टोनर, डेव्ही बर्न. अनेक ठिकाणी पुढे किराणा आणि मागे बार असा दुहेरी धंदा चाले. चहा, साखर, खारवलेलं डुकराचं मांस घेता घेता व्हिस्कीही मिळे. काउंटरच्या एका टोकाला लाकडी फळ्यांनी बंदिस्त केलेली, दोन-चार माणसं मावतील एवढी खोली असे, तिला 'स्नग' म्हणत. पाद्री, पोलीस आणि बायका यांना चारचौघांत दिसायचं नसे, म्हणून ही सोय.

टोनरच्या अशा एका स्नगची दंतकथा डब्लिनमध्ये फार लाडकी आहे. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी जन्मात कधी पब पाहिला नव्हता. मित्र ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी त्यांना एकदा टोनरमध्ये घेऊन गेला. येट्स बसले, एक शेरी प्याले, म्हणाले, पाहिला पब, आता मला घरी पोचव. खरंखोटं कोण जाणे, पण आयर्लंडच्या थोर कवीची एकूण पबकमाई एवढीच, हे डब्लिनकर सगळ्या पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

त्यानंतरच्या पिढीने ती कसर भरून काढली. १९३०-४० च्या दशकांत फ्लीट स्ट्रीटवरचा पॅलेस बार म्हणजे 'आयरिश टाइम्स'ची दुसरी कचेरीच होती. संपादक आर. एम. स्मायली १९३४ पासून वीस वर्षं त्या दैनिकाच्या खुर्चीवर होते आणि संध्याकाळी पॅलेसच्या मागच्या खोलीत. लेख मागणं, नाकारणं, पुस्तकं परीक्षणाला देणं, सगळा व्यवहार तिथे. लेखकाला कवितेच्या मानधनापेक्षा परीक्षणाला आलेली पुस्तकं विकून पैसे लवकर मिळत आणि ते पुन्हा त्याच काउंटरवर खर्ची पडत. ॲलन रीव्ह या न्यूझीलंडच्या व्यंगचित्रकाराने १९४० मध्ये या मैफलीचं चित्र काढलं, त्यात टेबलाटेबलांवर शहरातला अख्खा लेखकवर्ग ओळखू येतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अड्डा हलला. ग्राफ्टन स्ट्रीटवर जॉन रायन या चित्रकार-प्रकाशकाच्या 'एन्व्हॉय' मासिकाचं कार्यालय होतं, आणि कोपऱ्यावरच मॅक्डेड्स. उंच छताच्या या अरुंद पबमध्ये पॅट्रिक कॅव्हॅना, ब्रेंडन बिहान, ब्रायन ओनोलन असे तिघे तीन दिशांची तोंडं करून बसत. कॅव्हॅना मोनाहनच्या शेतातून आलेला कवी. बिहान डब्लिनचा घरं रंगवणारा कारागीर, आयआरए या सशस्त्र संघटनेसाठी तुरुंगात जाऊन आलेला. ओनोलन सरकारी अधिकारी, फ्लॅन ओब्रायन या नावाने कादंबऱ्या आणि माइल्स ना गोपालीन या नावाने 'आयरिश टाइम्स'मधलं तिखट सदर लिहिणारा. त्याच सदरामुळे साहेबांची मर्जी गेली आणि १९५३ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. दुरून पाहणाऱ्याला ही मित्रमंडळी वाटावी. प्रत्यक्षात त्यांच्यात किती वितुष्ट होतं ते कोर्टात उघडं पडलं.

'द लीडर' या साप्ताहिकाने १९५२ मध्ये कॅव्हॅनाचं एक निनावी शब्दचित्र छापलं. पबमध्ये भक्तगणांच्या मधोमध बसलेला, दुसऱ्याच्या पैशाने पिणारा, गुरगुरणारा कवी असं ते रंगवलं होतं. कॅव्हॅनाने अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. फेब्रुवारी १९५४ मध्ये उलटतपासणी घ्यायला उभे राहिले जॉन ए. कॉस्टेलो, जे आधी पंतप्रधान होते आणि चारच महिन्यांनी पुन्हा होणार होते. बिहान आपला मित्र नाही, असं कॅव्हॅनाने शपथेवर सांगितलं. मग कोर्टात एक पुस्तक पुढे आलं: कॅव्हॅनाचीच कादंबरी 'टॅरी फ्लिन', पहिल्या पानावर त्याच्याच हस्ताक्षरात ब्रेंडनसाठी दोन प्रेमाच्या ओळी. बिहानने त्याची खोली रंगवून दिली, त्याची ती पोच होती. ज्युरीने कौल साप्ताहिकाच्या बाजूने दिला.

त्या फजितीला चार महिने होतात न होतात, तोच कॅव्हॅना एका घोडागाडीत बसून निघाला. तारीख १६ जून १९५४. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीतला सगळा व्यवहार १६ जून १९०४ या एका दिवसात घडतो; त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम याच्या वाटेने शहरभर जायचं, असा बेत रायन आणि ओनोलन यांनी आखला. कादंबरीत अंत्ययात्रेला असतात तशा दोन जुन्या बग्ग्या भाड्याने आणल्या. सोबत तरुण कवी अँथनी क्रोनिन, ट्रिनिटी कॉलेजमधले कॉन लेव्हेन्थाल आणि टॉम जॉइस नावाचे दंतवैद्य. हे जेम्स जॉइसचे चुलतभाऊ, घराण्याचे प्रतिनिधी म्हणून आणलेले. लेव्हेन्थाल ज्यू असल्यामुळे ब्लूमची भूमिका त्यांच्याकडे आली. क्रोनिन झाला कादंबरीतला दुसरा नायक, स्टीफन डेडलस.

सुरुवात सँडीकोव्हच्या समुद्रकाठी, मार्टेलो बुरुजापाशी. कादंबरीही तिथूनच सुरू होते. ओनोलन पोचला तोच घेतलेल्या अवस्थेत. शेजारी राहणाऱ्या वास्तुविशारद मायकेल स्कॉट यांच्याकडे आणखी झाली. कॅव्हॅना आणि ओनोलन यांना बुरुजाच्या भिंतीवर चढायची हुक्की आली. वर चढणाऱ्या कॅव्हॅनाचा पाय खालून ओनोलनने धरला आणि दोन प्रौढ साहित्यिकांची तिथेच झोंबाझोंबी झाली. लोकांनी सोडवून गाडीत घातलं. बग्ग्या निघाल्या, पण वाटेत पब दिसला की थांबायच्या. घोड्यांच्या शर्यतीचा निकाल ऐकायला एकदा थांबल्या. एका पबवाल्याने त्या काळ्या बग्ग्या पाहून अंत्ययात्राच समजून दुखवटा व्यक्त केला, कोण गेलं म्हणून विचारलं. ओनोलनने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की जॉइस नावाचा एक मित्र गेला. तसं ते खोटंही नव्हतं. जॉइस झुरिचमध्ये वारला त्याला तेरा वर्षं झाली होती.

रायनने हौशी कॅमेऱ्याने या दिवसाचं थोडं चित्रण केलं. ते मूक चित्रण आजही पाहता येतं: टोप्या, कोट, समुद्राचा वारा, लटपटणारे पाय. सहलीचा पुढचा मार्ग शहर ओलांडून उत्तरेकडे, ब्लूमच्या घरापर्यंत आणि रात्री वेश्यावस्तीपर्यंत होता. मंडळी ड्यूक स्ट्रीटवरच्या 'बेली' या पबपर्यंत पोचली आणि तिथेच बसली. जॉइसची वाट अर्धी राहिली. आज १६ जूनला हजारो लोक ब्लूम्सडे साजरा करतात, तो सुरू झाला या अर्धवट सुटलेल्या फेरीतून.

रायनने पुढे 'बेली' विकत घेतला. १९६७ मध्ये ब्लूमचं घर, ७ एक्लिस स्ट्रीट, पाडलं जात होतं तेव्हा त्याने तिथला दरवाजा उचलून पबमध्ये आणून लावला. घर नाही, रस्ता नाही, नुसतं दार. उद्घाटन कॅव्हॅनाच्या हस्ते. पुढे ते दार नॉर्थ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवरच्या जेम्स जॉइस सेंटरमध्ये गेलं, आजही तिथे आहे.

या हकिकती सांगताना हसू येतं आणि ते येऊ द्यावं. पण हिशेबही मांडायला हवा. बिहान १९५६ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीला पिऊन आला आणि त्या एका कार्यक्रमाने ब्रिटनभर प्रसिद्ध झाला. त्यानंतर लोक त्याच्या नाटकांपेक्षा त्याच्या धिंगाण्याची वाट पाहू लागले. मधुमेह असताना तो पीत राहिला आणि मार्च १९६४ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. ओनोलन १९६६ मध्ये गेला, वय चोपन्न. कॅव्हॅनाचं एक फुप्फुस १९५५ मध्येच काढावं लागलं होतं. तो ओनोलनच्या पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये गेला. चार वर्षांच्या आत मॅक्डेड्सचं ते टेबल रिकामं झालं.

डब्लिनने आपलं हजारावं वर्ष १९८८ मध्ये साजरं केलं. शहर त्याहून जुनं आहे असं इतिहासकार सांगत होते, पण पालिकेला निमित्त हवं होतं. त्याच वर्षी होली अवर गेला. आणि त्याच वर्षी कोल्म क्विलिगन यांनी डब्लिन लिटररी पब क्रॉल सुरू केला. सुरुवातीची जागा ड्यूक स्ट्रीटवरच्या 'द ड्यूक' पबचा वरचा मजला. चौतीस वर्षांपूर्वी जी फेरी ज्या गल्लीत मोडली, त्याच गल्लीतून ही सुटू लागली.

इथे गाइड म्हणजे दोन नट. सुरुवातीला दोघं बोलर हॅट घालून बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'मधला तुकडा करतात. मग पायी निघायचं. ट्रिनिटी कॉलेजच्या फरसबंद अंगणात ऑस्कर वाइल्ड अमेरिकेतल्या खाणकामगारांना भेटायला गेला होता ती हकिकत, दुसऱ्या कोपऱ्यावर बिहान, पुढे जॉइस. मध्ये तीन-चार पब, प्रत्येकी वीसेक मिनिटं. शेवटी वाटेत काय ऐकलं त्यावर प्रश्नमंजूषा. सगळं मिळून सव्वादोन तास.

वीस मिनिटं म्हणजे किती, हे काउंटरपाशी उभं राहिल्यावर कळतं. गिनेसची पिंट नीट भरायची तर ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा आणि खाली ठेवायचा. आत तपकिरी लाटा खाली सरकत राहतात, हळूहळू काळा आणि पांढरा भाग वेगळा होतो. मग ग्लास सरळ धरून उरलेला भरायचा, साय काठाच्या किंचित वर यायला हवी. यात दोन मिनिटं जातात आणि पुढे पंधरा पर्यटक उभे असतात. जाणता बारमन घोळका दारात दिसताच डझनभर ग्लास पाऊण भरून रांगेत ठेवतो.

जुन्या डब्लिनकराला हा प्रकार विचित्रच वाटला असता. त्याची रीत 'राउंड'ची. चौघं बसले की प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांना पाजायची, त्यामुळे चार पिंट झाल्याशिवाय कुणाला उठता येत नसे. मध्येच उठणारा कंजूष ठरे. डब्लिनकर एका पबला धरून राही, बाहेर पडे तो कायद्याने, भांडणाने किंवा उधारी थकल्याने. गाइडच्या फेरीत प्रत्येकजण आपले पैसे आपण देतो आणि नट घड्याळ पाहतो. एक गोष्ट मात्र या फेरीने सुधारली: कार्यक्रम नाटकाचा आहे, पिण्याची सक्ती नाही. लेमोनेड घेऊन बसलेल्याला कुणी हसत नाही.

कथानकात पुरुषांचीच गर्दी आहे, हेही खरं. बायकांना कितीतरी पब अलीकडेपर्यंत पिंट देत नसत. अर्धा ग्लास चालेल, पूर्ण पिंट शोभत नाही. १९७० च्या सुमारास पत्रकार नेल मॅकॅफर्टी आणि तिच्या स्त्रीमुक्तीवाल्या मैत्रिणींनी निअरीमध्ये जाऊन तीस ब्रँडी मागवल्याची गोष्ट सांगितली जाते. ब्रँडी आल्या. मग त्यांनी एक पिंट मागितली. नकार मिळाला. आम्हाला हवं ते तुम्ही देत नाही, तर बिलही देणार नाही, म्हणत त्या तीस ब्रँडी पिऊन निघून गेल्या. असा नकार देणं कायद्याने गुन्हा ठरायला २००० साल उजाडावं लागलं. हा प्रवेश एखाद्या नटीने निअरीच्या दारात रोज करून दाखवायला हरकत नाही.

डब्लिनच्या या फेरीचं नाव झालं आणि युरोपभर गाइडसोबतच्या पबफेऱ्या वाढल्या, पण बहुतेकांनी साहित्य वगळून नुसती दारू उचलली. एका तिकिटात अमुक इतके शॉट, वर टी-शर्ट. स्वस्त विमानांनी लग्नाआधीची उधळण करायला येणारे तांडे त्यात भर घालू लागले. डब्लिनच्या टेम्पल बार या भागातही १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशा तांड्यांना आवर घालावा लागला. बार्सिलोनाच्या जुन्या वस्तीत या फेऱ्यांवर बंदी आहे. प्राग शहराने तर ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री दहा ते पहाटे सहा या वेळात गाइडसह पबफेरी काढायला मनाई केली. बिअरसाठीच ओळखल्या जाणाऱ्या शहराने हे करावं, यावरून रहिवाशांची झोप किती उडाली असेल त्याचा अंदाज येतो.

डब्लिनचा साहित्यिक पब क्रॉल या बंद्यांच्या लाटेत तरला, कारण त्याचं मूळ भांडवल दोन चांगले नट आहेत. फेरीच्या सव्वादोन तासांत ते बिहानला पुन्हा जिवंत करतात आणि त्याचं मरण फारसं दाखवत नाहीत, हा त्यातला उणेपणा. तरीही तिकीट काढावं असा हा प्रयोग आहे. जाणाऱ्याने त्याच दिवशी दुपारी नॉर्थ ग्रेट जॉर्जेस स्ट्रीटवरचं ते एक्लिस स्ट्रीटचं दार आधी पाहून घ्यावं आणि पोटात काहीतरी घालून निघावं.